बियाणे, शाळा आणि डॉ. खानखोजे

मुंबईच्या उपनगरात, मरोळसारख्या ठिकाणी, धान्याच्या दुकानात गहू घ्यावयास जाणारे गिऱ्हाईक बहुधा सिहोर आहे की लोकवन, एवढेच विचारते आणि पिशवी गिरणीत टाकून आपल्या कामाला लागते. लोकवन या नावाचा वनाशी काही संबंध नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ‘लोक-१’ या वाणाच्या नावातील इंग्रजी आकड्याचा बाजाराने केलेला तो अपभ्रंश आहे. हे वाण गुजरातमधील भावनगर जिल्ह्यातील सणोसरा येथील ‘लोकभारती’ या ग्रामीण शिक्षणसंस्थेत तयार झाले आणि त्याच्या पूर्वजांत मेक्सिकोहून आलेल्या बियाण्यातून निवडलेला ‘सोनालिका’ हा गहू आहे. म्हणजे मरोळच्या चाळीत किंवा सोसायटीत रोज लाटल्या जाणाऱ्या पोळीची वंशावळ थेट मेक्सिकोपर्यंत जाऊन पोचते. त्याच मेक्सिकोच्या भूमीत, बुटक्या गव्हाचे जनक म्हणून जगाने गौरविलेले अमेरिकन शास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग तेथे दाखल होण्यापूर्वी वीस वर्षे, वर्ध्याचा एक मराठी माणूस मका आणि गहू यांच्या सुधारणेचे काम करीत होता. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे त्याचे नाव.

खानखोजे यांचे नाव आज अगदीच विस्मृतीत गेले आहे, असे म्हणता येणार नाही. वीणा गवाणकर यांनी लिहिलेल्या चरित्रामुळे मराठी वाचकांना आणि कन्या सावित्री साहनी यांनी लिहिलेल्या इंग्रजी चरित्रामुळे देशाला त्यांची ओळख झाली आहे. २०२२ साली लोकसभेच्या अध्यक्षांच्या हस्ते मेक्सिकोत त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले, तेव्हा वृत्तपत्रांनीही त्यांची आठवण काढली. परंतु अशा प्रसंगी आपल्याकडे एक जुनी खोड उफाळून येते. ज्याला आपण इतकी वर्षे विसरलो त्याला एकदम सर्व श्रेय देऊन टाकावयाचे, म्हणजे विसरल्याचे प्रायश्चित्त झाले, असे आपल्याला वाटते. हरितक्रांती वस्तुतः एका मराठी माणसाचीच, असे विधान त्यामुळे सहज केले जाते. हे विधान टिकणारे नाही. त्याहून वाईट असे की, खानखोजे यांच्या आयुष्यातून आजच्या शेतीला जे घेता येण्याजोगे आहे ते या विधानाखाली झाकले जाते. म्हणून त्यांच्या आयुष्याचा क्रम एकवार शांतपणे पाहणे आवश्यक आहे.

खानखोजे यांचा जन्म १८८४ च्या नोव्हेंबर महिन्यातला. बालपण वर्ध्यात गेले आणि पुढील शालेय शिक्षण नागपूरला झाले. त्यांच्या वाढत्या वयात, १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन भीषण दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळून निघाला. आगगाड्यांतून धान्याची वाहतूक चालू असताना खेड्यापाड्यांतून माणसे अन्नावाचून मरत होती. पारतंत्र्य आणि उपासमार या दोन गोष्टी त्या पिढीच्या मनात एकमेकींपासून वेगळ्या नव्हत्या. लोकमान्य टिळकांच्या राजकारणाने भारलेल्या या तरुणाने सशस्त्र क्रांतीचा मार्ग पत्करला आणि त्यासाठी लागणारे शिक्षण परदेशात घ्यावे म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात देश सोडला. जपानमार्गे ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जाऊन पोचले.

तेथे त्यांनी घेतलेल्या शिक्षणाचे स्वरूप मोठे अर्थपूर्ण आहे. कॅलिफोर्नियातील माउंट टमालपाइस या लष्करी शाळेत त्यांनी युद्धविद्येचे धडे घेतले. आणि ओरेगॉन व वॉशिंग्टन या राज्यांतील सरकारी कृषी महाविद्यालयांत शेतीशास्त्राचे. एका हातात बंदूक आणि दुसऱ्या हातात बियाणे, असे हे विलक्षण जोडशिक्षण होते. ओरेगॉन-वॉशिंग्टनच्या लाकूड गिरण्यांतून आणि कॅलिफोर्नियाच्या मळ्यांतून राबणाऱ्या पंजाबी मजुरांत त्यांची ऊठबस होती. १९१३ साली याच मजुरांच्या बळावर गदर पक्ष उभा राहिला. सोहनसिंग भकना, लाला हरदयाळ यांच्याबरोबर खानखोजे हे त्याच्या संस्थापकांपैकी एक होते आणि सशस्त्र उठावाची तयारी करणारी बाजू प्रामुख्याने त्यांच्याकडे होती. हे मजूर मुळात शेतकरी होते. कर्जामुळे आणि तुकडे पडलेल्या जमिनीमुळे त्यांना घर सोडावे लागले होते. शेतीचे अर्थकारण आणि देशाचे स्वातंत्र्य यांचा संबंध खानखोजे यांना पुस्तकातून शिकावा लागला नाही.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू होताच ते तुर्कस्तानमार्गे इराणात उतरले. इराण आणि बलुचिस्तान यांच्या सीमेवरून हिंदुस्थानात सशस्त्र दल घुसवावे, असा तो बेत होता. या मोहिमेत ते प्रत्यक्ष लढले, जखमी झाले, पकडले गेले आणि निसटलेही. युद्धात जर्मनी आणि तुर्कस्तान यांचा पराभव झाल्यावर त्या बेताचा पायाच ढासळला. पुढे बर्लिन येथील हिंदी क्रांतिकारकांत त्यांचा वावर होता आणि १९२१ साली वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, भूपेंद्रनाथ दत्त आदींसमवेत ते मॉस्कोलाही जाऊन आले. परंतु हिंदुस्थानचा मार्ग बंद होता. ब्रिटिश सरकारच्या लेखी ते अत्यंत धोकादायक इसमांपैकी एक होते. अशा वेळी, १९२४ साली, त्यांनी मेक्सिकोची वाट धरली. अमेरिकेतील वास्तव्यात काही मेक्सिकन क्रांतिकारकांशी जडलेली मैत्री तेथे उपयोगी पडली.

त्या वेळचा मेक्सिको नुकताच एका प्रदीर्घ क्रांतीतून बाहेर पडला होता. ती क्रांती मूलतः जमिनीसाठी झाली होती. १९१७ च्या राज्यघटनेतील सत्ताविसाव्या कलमाने मोठ्या जमीनदाऱ्या मोडून गावांना जमिनी देण्याचा मार्ग खुला केला होता. मेक्सिको शहराजवळील चापिंगो येथील एका भल्यामोठ्या जमीनदारीच्या जागेत राष्ट्रीय कृषी विद्यालय हलविण्यात आले होते आणि त्याच विद्यालयात खानखोजे अध्यापक झाले. जमीनदाराच्या वाड्यात शेतकऱ्याच्या मुलांची शाळा, हे दृश्यच त्या क्रांतीचा अर्थ सांगण्यास पुरेसे होते.

तथापि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते की, जमिनीचे वाटप हा शेतीसुधारणेचा पहिला निम्मा भाग होय. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या शेतावर हुकमाने राबलेल्या माणसाला तीन-चार एकर जमीन मिळाली, तरी त्याच्याकडे चांगले बी नसते, कर्ज नसते आणि पीक बुडाल्यास आधार नसतो. मग ती जमीन पडीक राहते किंवा आडमार्गाने पुन्हा धनिकाकडे जाते. खानखोजे यांचे मेक्सिकोतील कार्य या उरलेल्या निम्म्या भागाशी संबंधित होते.

त्यांचे संशोधन प्रामुख्याने मक्यावर होते, कारण मका हेच तेथील गरिबाचे अन्न. मक्याच्या रानटी सोयऱ्यांचा अभ्यास करून त्यांनी संकर केले आणि नवे वाण तयार केले. त्याबरोबरच गहू, तूर आणि रबर देणाऱ्या वनस्पती यांवरही त्यांनी काम केले. गव्हाच्या बाबतीत कडाक्याची थंडी, अवर्षण आणि रोग यांना तोंड देणारे वाण शोधणे, हा त्यांचा प्रयत्न होता. या कामाचे स्वरूप समजून घेण्यास फारशा शास्त्रीय परिभाषेची गरज नाही. शेतातील हजारो ताटांतून तांबेरा न पडलेली, कणखर, भरदार ओंबीची ताटे हेरावयाची. त्यांचे बी वेगळे राखावयाचे. दोन वाणांतील गुण एकत्र आणावयाचे असतील, तर एका फुलातील परागकोश हाताने काढून त्यावर दुसऱ्याचा पराग सोडावयाचा. आणि मग येणाऱ्या पिढ्या वर्षानुवर्षे पेरून, निवडून, टाकून देऊन शेवटी एखादे वाण हाती घ्यावयाचे. यांत एक तप सहज निघून जाते. घोड्यावर बसून सरहद्दीवर लढलेल्या माणसाने हे संथ, निनावी काम स्वीकारले आणि त्यात तो रमला, ही गोष्ट त्याच्या पराक्रमाइतकीच विचार करण्याजोगी आहे.

परंतु केवळ प्रयोगक्षेत्रावर वाण तयार होऊन भागत नाही. चापिंगोत शिकावयास येऊ न शकणाऱ्या कष्टकऱ्यांपर्यंत ही विद्या पोचावी, म्हणून खानखोजे यांनी शेतकरी संघटनांच्या साह्याने मुक्त कृषी शाळा उभारल्या. त्यांतील एका शाळेला शेतकऱ्यांचा क्रांतिवीर एमिलियानो सापाता यांचे नाव होते. बियाण्याची निवड, पिकाची निगा आणि सहकाराने शेती करण्याची रीत शेतकऱ्याला त्याच्या गावात शिकवावयाची, हा या शाळांचा हेतू. सुप्रसिद्ध चित्रकार दिएगो रिव्हेरा या उपक्रमाचे पाठीराखे होते आणि छायाचित्रकार तीना मोदोत्ती यांनी या शाळांची व खानखोजे यांच्या मक्याची छायाचित्रे काढली. मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत रिव्हेरांनी जी भव्य भित्तिचित्रे रंगविली, त्यांतील रोजच्या भाकरीविषयीच्या चित्रात मेजाच्या मध्यभागी बसून सर्वांसाठी पाव मोडणारा जो पुरुष दिसतो, त्याचा चेहरा खानखोजे यांचा आहे. चित्रकाराने त्यांना सैनिक म्हणून किंवा नळकांडी घेतलेला शास्त्रज्ञ म्हणून रंगविले नाही. अन्न वाटणारा माणूस म्हणून रंगविले. त्यांच्या कार्याचे इतके नेमके मूल्यमापन दुसऱ्या कोणी केल्याचे दिसत नाही.

१९३६ साली खानखोजे यांनी जान सिंदिक या बेल्जियन तरुणीशी विवाह केला. त्यांना दोन कन्या झाल्या. देश स्वतंत्र झाला तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. परंतु ब्रिटिशांच्या काळ्या यादीतील त्यांचे नाव स्वातंत्र्यानंतरही तसेच राहिले होते आणि ज्या देशासाठी आयुष्य उधळले, त्याच देशात पाऊल ठेवण्यास त्यांना अडथळा आला. राज्यकर्ते बदलले तरी दप्तर बदलत नाही, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. १९४९ साली त्या वेळच्या मध्य प्रांताच्या सरकारच्या निमंत्रणावरून ते शेतीविषयक सल्ला देण्यासाठी आले. पुढे काही वर्षांनी ते नागपूरला स्थायिक झाले आणि जानेवारी १९६७ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.

हा काळ लक्षात घेण्यासारखा आहे. १९६५-६६ च्या दुष्काळी वर्षात देशातील गव्हाचे उत्पादन जेमतेम एक कोटी चार लाख टनांवर आले होते. अमेरिकेच्या गव्हाने भरलेली जहाजे मुंबई बंदरात लागत होती आणि रेशनच्या दुकानासमोरील रांगेत उभ्या असलेल्या पिढीला त्या गव्हाची चव अजून आठवते. त्यावर उपाय म्हणून १९६६ साली सरकारने मेक्सिकोतून अठरा हजार टन ‘लेर्मा रोहो’ गव्हाचे बियाणे आणले. १९६७-६८ च्या हंगामात उत्पादन एक कोटी पासष्ट लाख टनांवर गेले. त्या बियाण्याची पहिली मोठी पेरणी देशात उगवून वर आली असतानाच, मेक्सिकोतील गव्हावर आयुष्याची उमेदीची वर्षे वेचलेला हा माणूस नागपुरात शांतपणे जग सोडून गेला.

येथेच श्रेयाचा प्रश्न उपस्थित होतो. तो भावनेने सोडवू नये. जुन्या उंच गव्हाला रासायनिक खत दिले की, ओंबीच्या भाराने ताट लोळत असे आणि हाती आलेले पीक जाई. हा दोष दूर करणारा बुटकेपणाचा गुण ‘नोरिन-१०’ या जपानी वाणात होता. दुसऱ्या महायुद्धानंतर ते बी अमेरिकेत आले. वॉशिंग्टन राज्यातील पुलमन येथील सरकारी कृषी महाविद्यालयात ऑर्व्हिल व्होगेल यांनी त्याचा संकर केला. तेथून ते १९४४ पासून मेक्सिकोत काम करणाऱ्या बोरलॉग यांच्याकडे गेले. आणि त्यांच्या वाणांतून भारतात आले. या साखळीत खानखोजे यांचा हात नाही आणि तो आहे असे भासविणे त्यांच्या कीर्तीला उपकारक नाही. मात्र योगायोग असा की, त्या बियाण्याचा प्रवास आणि खानखोजे यांचा प्रवास यांचा मार्ग एकच आहे: जपान, अमेरिकेचा पश्चिम किनारा, मेक्सिको आणि शेवटी भारत. ज्या पुलमनला व्होगेल यांनी संकर केला, तेथील महाविद्यालयात कित्येक वर्षांपूर्वी खानखोजे विद्यार्थी होते. हे सर्व टप्पे पाहिले म्हणजे एक गोष्ट मनावर ठसते. एकेक टप्पा म्हणजे सार्वजनिक पैशावर किंवा धर्मादाय देणगीवर चालणारी एकेक संस्था होती आणि यांतील कोणीही ते बी कुलपात ठेवले नाही.

यामागे अर्थशास्त्राचा एक साधा नियम आहे. गहू हे स्वपरागित पीक आहे. एकदा शेतकऱ्याला चांगले बी मिळाले की, पुढच्या वर्षी तो घरच्याच कणगीतून पेरू शकतो आणि शेजाऱ्यालाही देऊ शकतो. संकरित मक्याचे तसे नाही. तेथे दर हंगामाला नवे बी विकत घ्यावे लागते. साहजिकच खासगी कंपन्यांना मक्यात जेवढे स्वारस्य असते, तेवढे गव्हात नसते. ज्या वस्तूचा लाभ सर्वांना होतो, परंतु जिची किंमत कोणा एकाकडून वसूल करता येत नाही, तिचा खर्च समाजानेच उचलावा लागतो. रस्त्यावरील दिवे आणि गव्हाचे संशोधन या दृष्टीने एकाच जातीचे आहेत. २००१ साली आपल्या संसदेने पिकांच्या वाणांच्या संरक्षणाचा जो कायदा केला, त्यात बियाणे राखण्याचा, पेरण्याचा आणि देवाणघेवाणीचा शेतकऱ्याचा हक्क मान्य केला, हे योग्यच झाले. पण हक्क मान्य करून नवे बी निर्माण होत नाही. त्यासाठी संशोधनावर खर्च करावा लागतो आणि शेतीतून जे उत्पन्न देशाला मिळते त्याच्या एक टक्काही आपण शेती संशोधनावर खर्च करीत नाही.

महाराष्ट्रात या कामाची परंपरा नाही असे नाही. नाशिक जिल्ह्यातील निफाडचे गहू संशोधन केंद्र, महाबळेश्वरचे तांबेऱ्यावरील संशोधन केंद्र आणि १९४६ साली स्थापन झालेली पुण्याची महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी व तिची आघारकर संशोधन संस्था यांनी गव्हाचे अनेक वाण शेतकऱ्याला दिले आहेत. तरीही महाराष्ट्राचे गव्हाचे एकरी उत्पादन पंजाबच्या निम्म्याहूनही कमी आहे. आपली थंडी अल्पकाळ टिकते, पाणी थोडे आहे आणि जमीन निराळी आहे, ही कारणे खरी आहेत. परंतु नेमकी हीच कारणे आपल्या प्रदेशासाठी स्वतंत्र संशोधनाची निकड सिद्ध करतात. २०२२ च्या मार्च महिन्यातील उष्णतेच्या लाटेने उत्तर भारतातील गहू दाणे भरण्याच्या ऐन वेळी करपला आणि मे महिन्यात केंद्र सरकारला निर्यातबंदी जाहीर करावी लागली. आखूड हिवाळा आणि कडक उन्हाळा हे आजवर आपले दुर्दैव होते. उद्या ते साऱ्या देशाचे होणार आहे. अशा वेळी निफाडच्या शेतातील ज्ञान पंजाबलाही उपयोगी पडेल. ते ज्ञान निर्माण करणारी माणसे मात्र त्या केंद्रांत असली पाहिजेत. संशोधकांची पदे भरण्याचे काम वर्षानुवर्षे लांबणीवर टाकावयाचे आणि दुष्काळ पडला की समिती नेमावयाची, हा क्रम आता परवडणारा नाही.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न, संशोधन शेतापर्यंत पोचविण्याचा. एकेका कृषी सहायकाकडे अनेक गावे आणि त्याच्या दिवसातील बराचसा वेळ योजनांचे तक्ते भरण्यात जाणार, अशी व्यवस्था असेल, तर विद्यापीठाने प्रसृत केलेले वाण अहवालातच पिकते. खानखोजे यांनी विद्यालयातील नोकरी सांभाळून गावोगावी शाळा काढल्या, त्या याच दरीवर पूल बांधण्यासाठी. प्रारंभी उल्लेखिलेल्या लोकवन गव्हाची कथा वेगळी नाही. १९५३ साली नानाभाई भट्ट यांनी स्थापन केलेल्या लोकभारतीत शेतकऱ्याची मुले शिकत होती आणि त्याच संस्थेच्या शेतावर झवेरभाई पटेल यांनी ते वाण तयार केले. शाळा आणि शेत यांची सांगड घातली की काय निपजते, हे गेली चाळीसहून अधिक वर्षे महाराष्ट्रातील घराघरांत शिजते आहे.

म्हणून डॉ. खानखोजे यांचे स्मारक व्हावे असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी पुतळ्यावर थांबू नये. आपल्या राज्यातील प्रत्येक तालुक्यात एखाद्या माध्यमिक शाळेला किंवा महाविद्यालयाला जोडून दोन-चार एकरांचे बीजक्षेत्र असावे, कृषी विद्यापीठांची नवी वाणे तेथे स्थानिक शेतकऱ्यांच्या देखत पेरली जावीत आणि त्यांचा हिशेब विद्यार्थ्यांनी ठेवावा, एवढी योजना आखण्यास फार मोठा निधी लागणार नाही. जमीन अनेक शिक्षणसंस्थांकडे आहे, शिक्षक आहेत, शेतकऱ्यांची मुले वर्गात बसलेलीच आहेत. अन्नाची टंचाई भोगलेल्या प्रांतात जन्मलेला एक माणूस सातासमुद्रापलीकडील परक्या शेतकऱ्यांसाठी हे करू शकला. येत्या रब्बी हंगामापासून आपल्या शेतकऱ्यांसाठी त्याचा आरंभ करण्याची जबाबदारी राज्याच्या कृषी आणि शिक्षण या दोन्ही खात्यांनी मिळून उचलावयास हवी.